दोघींपैकी कोण

१४ जानेवारी १९७१, गुरुवार

प्रिय मिसाओ,

आज वारा कमी होता. सकाळी दोन नंबरच्या जनरेटरचं तेल बदललं. मग पाण्याच्या टाकीत फावड्याने बर्फ भरला. जेवायला वाटाणे घातलेला भात आणि खारवलेला मासा होता. दुपारी रशियन स्टेशनचं विमान गोठलेल्या समुद्रावर उतरलं. पाहुणे आज इथेच राहून उद्या सकाळी परत जातील. त्यांचा वैमानिक आमच्या स्वयंपाकघरात बसून हातवारे करून गप्पा मारतो आहे. सूर्य मावळत नाही, त्यामुळे डोळे दुखतात. बाकी तब्येत ठीक आहे.

मला पत्र लिहायची सवय नाही, हे तुला माहीत आहे. कारखान्यात मी अहवाल लिहायचो. काय मोडलं, कशाने मोडलं, काय बदललं. हेही तसंच लिहितो, कारण दुसरं येत नाही. जूनपासून मला माहीत आहे की आपल्या घरातलं एक माणूस गेलं. घरी तू आणि तुझी आई, दोघीच. दोघींपैकी कोण गेलं, हे मला नव्या वर्षाच्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. एवढंच सांगायचं आहे, पण क्रमाने सांगितलं तरच मला सांगता येईल.

निघण्याआधी टोकियोत आम्हाला जोडीने बोलावलं होतं. आमचे प्रमुख हिराबायाशीसान प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होते. हिवाळ्यात इथे जहाज येत नाही, विमान येत नाही. त्या काळात घरी काही वाईट घडलं, तर तुम्हाला लगेच सांगायचं की परत न्यायला जहाज आल्यावर? बहुतेकांनी लगेच सांगा म्हटलं. मी म्हटलं, जहाज आल्यावर. कळलं तरी मला येता येणार नाही, आणि इंजिनापाशी उभा असलेला माणूस भानावर नसेल तर सगळेच गारठतील. तुझी आई शेजारी बसली होती. परतीच्या गाडीत डबा उघडून माझ्या हातात देताना म्हणाली, "म्हणजे मी मेले तरी तुम्ही तिकडे दोन वेळा पोटभर जेवणार तर." मी म्हटलं, "तीन वेळा. न्याहारी पण देतात." ती इतकी हसली की समोरच्या बाईने पेपर खाली करून पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाली, "बरोबर सांगितलंत हो. तुमच्या जागी मी असते तर मीपण हेच सांगितलं असतं."

जूनमध्ये इथे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, सूर्य उगवत नाही. त्या दिवसांत मध्यहिवाळ्याचा सण असतो आणि सगळ्यांना काहीतरी सोंग करावं लागतं. मला नवरी व्हायचं होतं. जुन्या पडद्याचा किमोनोही शिवून झाला होता. एके दिवशी जेवायला गेलो तर खोलीतली बोलणी एकदम थांबली. भूकंपाची यंत्रं बघणारा साकुमा म्हणाला, "कुझुमीसान, नाटुकलं काही जमत नाहीये, सोडून देऊ या का?" आदल्या संध्याकाळपर्यंत तोच माझा नवरा होता आणि संवाद पाठ करत हिंडत होता. मला काही कळलं नाही. मी बरं म्हटलं.

नंतर लक्षात आलं की माझी थट्टा बंद झाली आहे. माझ्या घोरण्यावरून रोज सकाळी टोमणे असायचे. "काय इंजिनबुवा, काल रात्री तिसरा जनरेटर चालू केलात वाटतं?" इथे जनरेटर दोनच आहेत. आता सगळे "झोप लागली ना नीट?" असं विचारायला लागले. माणसाला असं विचारलं की त्याची झोप जाते. अंघोळीचंही तसंच. पाणी बर्फ वितळवून करावं लागतं म्हणून सगळ्यांना मिळून एक टब. पहिल्याला स्वच्छ पाणी, शेवटच्याला सूप. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. त्या महिन्यापासून पहिला नंबर मलाच यायला लागला. एकदा मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी चिठ्ठी उचलली, तरी पहिलाच. सगळ्या चिठ्ठ्यांवर तोच आकडा होता, आणि बाकीचे आपापल्या चिठ्ठीकडे बघून "मी सातवा", "अरेरे, मी विसावा" असं ठोकून देत होते. शिकलेली माणसं, डॉक्टरेट झालेली. मी पहिला टबात बसायचो. आपल्याकडे पहिली अंघोळ पाहुण्याला देतात. आपल्याच घरात पाहुणा झाला की माणूस घाबरतो.

तरीही मी स्वतःला समजावलं असतं. पण आमचा स्वयंपाकी उगाजिन नोतोच्या एका देवळातला धाकटा मुलगा आहे. मोठ्या भावाला देऊळ मिळालं म्हणून हा जहाजावर स्वयंपाकी झाला. त्याने एके दिवशी सगळं जेवण बिनमाशाचं, बिनमांसाचं केलं. टोफू, वाळवलेल्या अळंब्या, तीळ, समुद्री शेवाळ. कांदासुद्धा नाही. मी विचारलं, "आज काय, देवळात येऊन पडलो का आपण?" तो चुलीकडे तोंड करून म्हणाला, "मांस संपत आलंय, इंजिनबुवा. जरा पुरवून खायला हवं." पण बर्फातली कोठी माझ्याच ताब्यात आहे. तिथे डुकराचं मांस छतापर्यंत रचलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा तसंच जेवण. तेव्हा मी भांडी घासायच्या पाळीवर होतो. त्याने भाताची पहिली वाटी भरली आणि चुलीमागच्या फळीवर नेऊन ठेवली. "ही कोणाला?" मी विचारलं. "उंदराला," तो म्हणाला. या खंडावर उंदीर नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याचं त्यालाही लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि विनाकारण भांडी आपटायला लागला.

सातव्या दिवसाचं जेवण होतं ते. गेलेल्या माणसासाठी सात आठवडे, दर सातव्या दिवशी घालायचं जेवण राहू नये, एवढंच त्याच्या मनात असणार. मला सांगायचं नाही असा शब्द दिलेला, आणि विधी चुकवायचा हे त्याच्याकडून होईना. म्हणून त्याने सगळ्या स्टेशनला माझ्याबरोबर सुतकी जेवण घातलं. कोणी कुरकुर केली नाही. मांसावाचून घास न गिळणारा साकुमा शेवाळ दोनदा मागून घ्यायचा. शेवटचा, सातवा आठवडा जुलै संपताना आला. त्यानंतरच्या आठवड्यात तळलेलं डुकराचं मांस केलं, आणि माझ्या ताटात उगाजिनने न विचारता दोन तुकडे ठेवले. तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला समजलं असतं की मला समजलं आहे. इतक्या माणसांनी इतके कष्ट घेऊन झाकलेली गोष्ट आपण उघडी करायची, हे मला जमलं नाही.

आता अवघड भाग. घरून महिन्याला एक तार यायची, तिच्या शेवटी दोन नावं असायची, आईचं आणि तुझं. हात्सुए, मिसाओ. जूनच्या शेवटी जी तार आली तिच्यात लिहिलं होतं, सगळं ठीक, काळजी नसावी, हात्सुए. दुसरं नाव नव्हतं. मला वाटलं, या महिन्यात विसरले. जुलैच्या तारेतही नव्हतं. म्हणून मी समजलो की तू गेलीस.

मिसाओ, मी असं का समजलो याचा तू राग धरू नकोस. दुसरं काय समजणार? आईचं नाव होतं, तुझं नव्हतं. आज मला कळतं की तू आईच्या नावाने लिहीत होतीस आणि दोन्ही नावं एका ओळीत लिहायला तुझा हात धजला नसेल. तेव्हा हे सुचलं नाही. तू लहानपणी छातीने नाजूक होतीस, ते आठवत राहिलं. कारखान्याच्या नकाशाखात्यात तू दिवसभर वाकून ट्रेसिंग करतेस, तिथे खिडक्या नाहीत, असं तू एकदा म्हणाली होतीस, तेही आठवलं. मी म्हटलं होतं, नोकरी म्हटली की असंच असतं.

इंजिनघरात फार आवाज असतो. शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. तिथे माझी पाळी असली की मी तुला हाक मारायचो. आणखी काही बोलायचो नाही, फक्त नाव. बाहेर आलो की बर्फाने तोंड धुवायचो आणि जेवायला बसायचो. तीन वेळा. सगळे म्हणायचे, कुझुमीसानची भूक चांगली आहे.

घरी उरलेल्या हात्सुएला मी काय लिहिणार? मला माहीत आहे हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तिनेही माझ्यासाठीच लपवलं असणार. म्हणून मी साधंच लिहायचो. वेळेवर जेव. घरात एकटी बसू नकोस. खिडक्या उघडत जा. शेजारच्या मात्सुनागा काकूंकडे जाऊन बस. आमचा बिनतारी यंत्रवाला इसोगाई तो मजकूर हातात घेऊन बराच वेळ बसायचा. एकदा म्हणाला, "कुझुमीसान, हे असंच पाठवू ना?" मी म्हटलं, "असंच पाठवा. आमची बायको हट्टी आहे, दहादा सांगावं लागतं." त्याने मान हलवली आणि माझ्याकडे पाठ करून पाठवायला लागला. गेलेल्या बाईला जेवायला सांगणारा मजकूर तो पाठवत होता, आणि ते त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या तारेत उत्तर आलं. वेळेवर जेवते. खिडक्या उघडल्या. मात्सुनागांकडे जाते. हात्सुए. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आपली हात्सुए असं उत्तर देणारी बाई नव्हे. तिने लिहिलं असतं, माझं मी बघते, तुम्ही तुमचे कान झाका. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी सांगितलेली गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकली होती. दुःखाने माणूस मऊ होतं, असं मी समजलो. मला तिची कीव आली. पुढच्या वेळी मी लिहिलं की हिवाळ्याचं जाड पांघरूण आत्ताच उन्हात घाल. तुझ्याकडून उत्तर आलं, घातलं.

नव्या वर्षाच्या दिवशी रेडिओवर घरच्यांचे आवाज ऐकवतात. सगळे जेवणाच्या खोलीत जमतात. तांदळाच्या मोचीचं सूप असतं. एकेका घराला मिनिटभर मिळतं आणि इकडून काही बोलता येत नाही, फक्त ऐकायचं. साकुमाच्या बायकोने त्याला भर रेडिओवर दात घासत जा म्हणून बजावलं आणि सगळे टेबल बडवून हसले. मग निवेदकाने आपलं नाव घेतलं. टेबल बडवणारे हात थांबले. मी हात्सुएच्या आवाजाची तयारी करून बसलो होतो. ती तुझ्याबद्दल कसं खोटं बोलेल, ते ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, याचा मी आठवडाभर विचार केला होता.

आणि तू बोललीस. "बाबा, मी मिसाओ. तिकडे थंडी आहे का? काय विचारतेय मी पण, असणारच." मी हसलो. मोठ्याने हसलो, मांडीवर हात मारून, सूप सांडलं. अर्ध्या वर्षानंतर तू जिवंत होतीस आणि नेहमीसारखा वेडा प्रश्न विचारत होतीस. तू पुढे म्हणालीस, "आईचा घसा बसलाय, म्हणून यंदा मीच बोलतेय. बागेतली हास्साकु संत्री छान धरलीत." माझं हसणं थांबायला वेळ लागला. हसू तोंडावर होतं आणि तुझं वाक्य आत पोहोचत होतं. तुझ्या आईचा घसा कधी बसला नाही. डोंगरावरच्या बागेतून फेरीबोटीवरच्या माणसाला नावाने थांबवणारी बाई ती.

मी मान वर केली तेव्हा कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. इसोगाई रेडिओची बटणं उगाच फिरवत होता. उगाजिन चुलीपाशी पाठमोरा उभा होता. त्यांना वाटलं असणार, बिचारा किती खूश झाला, त्याला काहीच माहीत नाही. ते खोटंही नव्हतं. मी खूश झालो होतो. हात्सुए गेल्याचं मला ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी मी आनंदात होतो. हे मी कोणाला सांगू शकत नाही. तुला सांगतो आहे, कारण तो आनंद तुझा होता.

त्यानंतर मी इंजिनघरात जाऊन उभा राहिलो. तिला हाक मारायचा प्रयत्न केला. आली नाही. रडणं सगळं तुझ्यावर खर्च झालं आहे. सातही आठवड्यांचं जेवण मी तुझ्या नावाने जेवलो. आईच्या वाट्याला काही उरलेलं नाही असं वाटतं, आणि मी फार थकलो आहे. झोपतो, उठतो, तेल बदलतो. ती कशाने गेली, कुठे गेली, त्रास झाला का, तू जवळ होतीस का, मला काहीच माहीत नाही. न कळता कसं रडायचं हे मला येत नाही. अस्थी तू घरीच ठेवल्या असशील, माझी वाट बघत. ते मी न विचारता धरून चालतो.

उद्या विमान गेलं की मला कळलं आहे हे मी उगाजिनला सांगणार आहे. त्याने ते माझ्यासाठी केलं त्याचे आभार मानायचे आहेत, आणि ही माणसंही आता थकली आहेत. हिराबायाशीसानचे केस या वर्षात पांढरे झाले. सकाळी मला जिन्यात भेटले तर "आज हवा बरी आहे" असं तीनदा म्हणाले. माझी थट्टा पुन्हा सुरू व्हावी अशी माझी इच्छा आहे. लगेच होणार नाही. पण साकुमाच्या पोटात फार दिवस काही राहत नाही.

हे मी तारेने कळवू शकलो असतो. पण तारेत "मला माहीत आहे" एवढंच मावतं, आणि ते वाचून तू घाबरली असतीस. म्हणून इसोगाईलाही सांगेन की याबद्दल घरी काही कळवू नका. मागच्या आठवड्यात मी कोठीत होतो तेव्हा भिंतीपलीकडे उगाजिन आणि हिराबायाशीसान बोलत होते. उगाजिन म्हणाला, "जहाजावर आणखी इतके दिवस हे असंच रेटायचं? माझ्याच्याने होत नाही हो." हिराबायाशीसान म्हणाले, "मुलीने मागून घेतलंय. बाबांना मी स्वतः सांगेन, बंदरावर, दुसऱ्या कोणी सांगू नका, असं कळवलंय तिने." म्हणजे एप्रिलमध्ये जहाज टोकियोला लागेल तेव्हा तू धक्क्यावर उभी असशील, ते एक वाक्य घेऊन. इतके महिने ते तोंडात घोळवत असशील. आरशासमोर म्हणून बघत असशील. रशियन लोकांचं जहाज आपल्याआधी बंदराला लागतं, म्हणून हे पत्र त्यांच्या टपालाच्या थैलीत घालतो आहे. मी पोहोचायच्या आत ते तुला मिळेल. मिसाओ, ते वाक्य तू बोलू नकोस. मला माहीत आहे. तू नुसती ये. आलीस की तुझं नाव सांग. हसू आलं तर हस, मलाही येईल. बाकी सगळं घरी गेल्यावर, बागेत बसून, तुला जमेल तेव्हा, जमेल तितकं सांग. मी ऐकेन. आणि तारा पाठवायच्या राहिल्या असतील त्या आता जहाजावर, तुझ्या नावाने पाठव. जेवतेस का, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

पाहुणे झोपले. खोलीत मी एकटाच आहे. उजव्या हातमोज्याचा अंगठा उसवला आहे, तो शिवून टाकतो. उजेड भरपूर आहे, पण दोरा ओवायला आता चष्मा लागतो.

तुझेच,
बाबा